दुसरी आलेली

"स्पर्धेची नोंदवही वाळवीनं खाल्ली म्हणजे तुम्ही धावलाच नाही, असं मी म्हणत नाही बाई," पडताळणी अधिकारी म्हणाले. "पण तुमचं प्रमाणपत्र खरं आहे, हे लिहून देणारं कुणीतरी हवं. सोमवारपर्यंत."

प्रेमलता गजभिये खुर्चीच्या कडेवर बसली होती. बावीस वर्षांपूर्वी राज्य स्पर्धेत ती पंधराशे मीटरला पहिली आली, आणि खेळाडूंच्या राखीव जागेवर कारकून म्हणून लागली. खोटी प्रमाणपत्रं देऊन नोकऱ्या लाटलेले लोक सापडू लागले, तशी सगळ्यांचीच तपासणी सुरू झाली. तिच्या ऑफिसातून महिन्याभरात दोघे घरी गेले होते. एकावर गुन्हाही दाखल झाला होता.

"जुन्या ग्रीसमध्ये बरं होतं," अधिकारी सहज बोलून गेले. "जिंकणाऱ्याला पानांचा मुकुट, गावात जन्मभर जेवण. कागद कुणी मागत नसे."

दुसऱ्या आलेल्याला काय मिळायचं, ते त्यांनी सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही.

घरी नवऱ्याने, संघपालने, सगळं ऐकून घेतलं. "दुसरी कोण आली होती?"

"गोपिका राऊत. कळमेश्वरले राहते म्हणतात."

"मंग जाय ना तिच्याकडं. भेऊन काहून राहिली?"

ते तिने त्यालाही कधी सांगितलं नव्हतं. शेवटच्या वळणावर गोपिका बरोबरीला आली, तेव्हा प्रेमलताचं कोपर तिला लागलं होतं. गोपिका अडखळली, सावरली आणि दोन हात अंतराने हरली. कुणी तक्रार केली नाही. खात्यात त्या वर्षी जागा एकच होती.

शनिवारी ती कळमेश्वरच्या बसमध्ये बसली. वाटेत दोनदा उतरून परत फिरावंसं वाटलं. गोपिकाने नाही म्हटलं तर नोकरी जाणार होती. कोपराचं लिहून दिलं तर अब्रूही.

गोपिका कारखान्यातली पाळी संपवून नुकतीच आली होती. पॅकिंगचा निळा एप्रन अजून अंगावरच होता. तिने लगेच ओळखलं, पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग समोर बसून तिने विचारलं,

"कोपर मुद्दाम मारलं होतं का वं?"

प्रेमलताने पेला खाली ठेवला. नाही म्हणणं सोपं होतं.

"मले माहीत नाही," ती म्हणाली. "खरंच नाही. इतकी वर्षं तेच आठवून राहिली मी."

"मलेबी नाही समजलं तवा," गोपिका म्हणाली. "लय दिवस रागात होती मी. मंग पोरं झाली, कारखाना लागला." तिने एप्रनला हात पुसले. "आण कागद, लिहून देते."

ती सावकाश, दाबून अक्षर काढत होती. प्रेमलता एकेक शब्द वाचत होती. प्रेमलता गजभिये पहिली आली, वेळ चार मिनिटं एकेचाळीस पॉईंट दोन. इथवर लिहून गोपिका थांबली.

"माही वेळ लिहू का? एकेचाळीस पॉईंट चार होती. कोणी कधी इचारलीच नाही."

"लिही," प्रेमलता म्हणाली.

कोपराचं तिने काही लिहिलं नाही. सही करून कागद दिला आणि दारापर्यंत सोडायला आली.

सोमवारी अधिकाऱ्यांनी कागद दोनदा वाचला.

"ठीक आहे," ते म्हणाले. "पण यांची स्वतःची वेळ कशाला? ती ओळ खोडून टाका." त्यांनी पेन पुढे केलं.

ज्यांच्या एका शब्दावर नोकरी जाणार होती, त्यांनाच आता तिला नाही म्हणायचं होतं. तिने पेन घेतलं नाही.

"राहू द्या साहेब," ती म्हणाली. "ती धावली होती."

त्यांनी खांदे उडवले आणि शिक्का मारला. तो नेमका गोपिकाच्या ओळीवर पडला. शाई वाळेपर्यंत प्रेमलता वाकून बघत राहिली. जांभळ्या गोलाखालून आकडे अजून वाचता येत होते.