शेवटच्या बाकावरून

ओझेला टिडवेल शिकागोत ब्लूज गाते, ही बातमी मिसिसिपीतल्या तिच्या गावच्या चर्चला दिली ती तिथले कारभारी, डीकन लुशस ग्रँबेरी यांनी. गुत्त्यात वाजणारी तिची रेकॉर्ड या धर्मात्म्याच्या कानावर पडली कशी, हे विचारायचं पाप कोणी केलं नाही. लहानपणापासून तिथेच देवाची गाणी गायलेल्या ओझेलाला शिक्षा झाली: जाहीर माफी मागेपर्यंत पुढे उभं राहून गायचं नाही, शेवटच्या बाकावर बसायचं. पुढे ब्लूजच्याच कमाईतून तिने चर्चला ऑर्गन पाठवला, तो मात्र डीकननी दोन्ही हातांनी उतरवून घेतला. विटाळ ऑर्गनला होत नसतो, फक्त गळ्याला होतो.

एकोणीसशे चौपन्नच्या ऑगस्टमध्ये तिची आई व्हर्डी गेली. जाताना एवढंच म्हणाली होती, "मला पोचवायला तूच गा."

अंत्यविधीच्या प्रार्थनेआधी डीकननी ओझेलाला दारातच गाठलं. "पोरी, उभी राहा आणि सांग, ती गाणी सैतानाची होती. दोन मिनिटांचं काम."

"त्या गाण्यांनी आईची औषधं आली, डीकन. सैतान इतका कनवाळू असेल, तर तुम्हीही त्याची ओळख करून घ्या."

"मग बस मागे."

ती बसली. आईच्या शवपेटीसमोर खोटं बोलवत नव्हतं आणि गप्प राहणंही सोसत नव्हतं.

मग डीकन जुन्या भजनाला उभे राहिले. त्याला ऑर्गन नाही, गायकवृंद नाही. डीकननी ओळ सांगायची आणि जमलेल्या साऱ्यांनी ती खेचत, लांबवत गायची. चाळीस वर्षांच्या सवयीने त्यांनी पहिली ओळ सांगितली, आणि ती सर्वांत आधी उचलली गेली शेवटच्या बाकावरून.

उकाड्यात बाकाबाकांवर हलणारे हातपंखे थांबले. तिला अडवायचं तर भजनच थांबवावं लागणार होतं. डीकननी पाद्रीबाबांकडे पाहिलं. पाद्रीबाबांना नेमकी त्याच क्षणी ध्यानाची आठवण झाली.

"लुशस," पहिल्या बाकावरची, साऱ्या चर्चची वडीलधारी, नव्वदीची मदर बीझली म्हणाली, "तोंड काय बघतोस? व्हर्डी खोळंबलीय. पुढची ओळ दे."

डीकननी निमूटपणे दिली. ओळीमागून ओळ ते देत गेले, ओझेला उचलत गेली. शेवटच्या ओळीला मात्र तिचा आवाज फुटेना. तेव्हा ती ओळ अख्ख्या चर्चने उचलली, आणि तिचा आवाज परत येईपर्यंत लांबवत ठेवली.