परक्या नावावरचा आजार

"म्हणजे मी पोटुशी आहे?" चॅम्पियननं विचारलं आणि मालिशच्या टेबलावर पालथा पडल्या पडल्या तो असा खदाखदा हसला की तेलाची बाटली लवंडली.

मॅनेजर हसला नाही. तो हॉटेलच्या खोलीचं दार लावून, दाराला पाठ टेकून उभा होता.

"हसू नकोस. तपासणीवाल्यांचा फोन होता. सायकल शर्यतीच्या परवाच्या टप्प्यानंतर दिलेल्या लघवीत जे सापडलंय, ते बाईला दिवस गेले की सापडतं. पुरुषात सापडलं तर दोनच अर्थ. एक तर त्यानं त्याची सुई घेतली, नाहीतर त्याला गाठ आहे. खाली, वृषणात."

"ती सुई मी घेत नाही. बाकीच्या सगळ्या घेतो, ती नाही," चॅम्पियन प्रामाणिकपणे म्हणाला.

"ठाऊक आहे मला."

दोघांच्या माना सावकाश वळल्या आणि एकाच माणसावर येऊन थांबल्या. मालिशवाला चॅम्पियनच्या मांडीवर तेलकट हात ठेवून उभा होता. हात तिथेच राहिले. तोंडाचा रंग मात्र कुणी पुसून नेल्यासारखा गेला.

कारण लघवी त्याची होती.

खोटं वाटेल, पण गेली कित्येक वर्षं या संघाच्या पोरांनी जेवढ्या शर्यती जिंकल्या, तेवढ्या सगळ्यांची लघवी एकाच माणसाची होती. पद्धत साधी. रबराचा एक फुगा, त्याला बारीक नळी. मालिशवाल्यानं फुगा भरायचा, स्वतःच्या काखेत धरून उबदार ठेवायचा आणि शर्यत संपली की टॉवेलात गुंडाळून पोराच्या हातात सरकवायचा. पोरानं तो आपल्या काखेत घ्यायचा, नळी सदऱ्याच्या आतून खाली सोडायची आणि तपासनिसासमोर दंड दाबायचा. तपासनीस खूश. "काय निरोगी पोरं आहेत! एकापेक्षा एक!" असं म्हणत ते नमुने घेऊन जात. एकापेक्षा एक कसले, सगळा एकच होता.

त्यालाच का धरलं? दुसरं कुणी निर्भेळ उरलंच नव्हतं. स्वयंपाकी झोपेच्या गोळ्या घ्यायचा, ड्रायव्हर जागं राहायच्या, आणि मॅनेजर दोन्ही. मालिशवाला मात्र कॉफीसुद्धा पीत नसे. सर्दी झाली तर नुसता शिंकत बसे. एकदा दाढ सडली, तर बधिर न करता उपटून घेतली. डॉक्टरनं म्हणे पाय धरले, निदान अर्धं इंजेक्शन तरी घ्या म्हणून. "उद्या डोंगराची शर्यत आहे," एवढंच हा बोलला आणि आ वासला. सगळे त्याला 'टाकी' म्हणत आणि त्याला त्याचा अभिमान वाटे. सायकलवर कधी नीट बसता आलं नाही, पण जिंकण्यात आपलंही काहीतरी आहे, असं तो समजून होता.

"काका, बसा," मॅनेजर म्हणाला. एरवी तो कुणाला बसा म्हणायचा नाही.

"साहेब, म्हणजे गाठ मला आहे?"

"आहे असंही नाही. असेल. आणि असली तरी आत्ता ती तुमची नाही, याची आहे." त्यानं चॅम्पियनकडे बोट केलं. "आज संध्याकाळी मी पत्रकारांना तसंच सांगणार. आजारी असूनही लढतोय, शर्यत पुरी करूनच ऑपरेशन करून घेईल. दुसरा रस्ता नाही. नाहीतर सुई ठरेल आणि सगळ्यांचं आयुष्य मातीत जाईल."

"मग मी उद्या दवाखान्यात जाऊन येतो."

"तेच नको!" मॅनेजर दारापासून पुढे आला. "आता रोज तपासतील याला. रोज ते सापडलं पाहिजे. एक दिवस सापडलं आणि दुसऱ्या दिवशी नाही, असं कसं चालेल? शर्यत संपेपर्यंत, काका, तुम्ही बरं व्हायचं नाही."

चॅम्पियन उठून बसला. "अहो साहेब, काय बोलताय?"

"तुला जिंकायचंय की नाही?"

चॅम्पियननं खाली पाहिलं. थोड्या वेळानं तो पुन्हा पालथा झोपला.

बातमी फुटली आणि सगळा मुलूख हळहळला. रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं रडू लागली. आजीबाई रुमाल हलवत. चॅम्पियनच्या खोलीत फुलं आणि फळांच्या टोपल्या येऊन पडल्या, इतक्या की पलंग दिसेना. त्या टोपल्या जिन्यावरून वर चढवायचं काम मालिशवाल्याचं. प्रत्येक टोपलीवर 'लवकर बरा हो'. चढताना जांघेत कळ आली की तो मधल्या पायरीवर टेके, आणि जाणारायेणारा म्हणे, "काय काका, दमलात? त्या पोराकडे बघा जरा!"

रात्री घरून बायकोचा फोन आला.

"अहो, काय हो हे त्या पोराचं! मी दुपारपासून नुसती रडतेय. रेडिओवर डॉक्टर सांगत होता, खाली जडपणा येतो, कंबर धरते, बसताना कळ येते." ती थांबली. "अहो."

"काय?"

"तुम्ही उन्हाळ्यापासून खुर्चीत बसताना कण्हताय."

त्यानं एकदम सगळं सांगून टाकलं. फुगा, नळी, काख, सगळं. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोला हे ठाऊक नव्हतं. नवरा कॉफी पीत नाही तो तब्येतीला जपतो म्हणून, असंच ती शेजारणींना कौतुकानं सांगायची.

"म्हणजे संघानं जिंकलेल्या त्या कपाटभर कपांत तुमची..." तिला पुढचा शब्द उच्चारवेना. हसू आणि रडू एकदमच आलं तिला. मग तिचा आवाज बदलला. "ऐका. कप त्यांना राहू देत. आजार तुमचा आहे. तो मागून आणा."

"असं कसं मागणार?"

"तोंडानं मागा. नाहीतर मी येते."

सकाळी मॅनेजर नाश्त्याला बसला होता. मालिशवाला पिशवी घेऊन समोर उभा राहिला.

"साहेब, माझा आजार मला परत द्या."

मॅनेजरच्या हातातला चमचा तसाच राहिला. "काका, अजून थोडंच राहिलंय. नंतर सगळ्यात मोठ्या डॉक्टरकडे नेतो तुम्हाला."

"नंतर गाठ थांबेल का, विचारलंत तिला?"

जिन्यात चॅम्पियन आडवा आला. अंगात शर्यतीत सगळ्यात पुढे असलेल्याला मिळतो तो पिवळा सदरा होता. "काका, आजचं तेवढं द्या. आज घाटाचा टप्पा आहे."

मालिशवाल्यानं पिशवीतून फुगा काढून त्याच्या हातात दिला. स्वच्छ धुतलेला, पुसलेला आणि रिकामा. चॅम्पियन त्याच्याकडे बघतच राहिला. आपल्याला खरंच काहीतरी झालंय असं त्याच्या तोंडावर पहिल्यांदाच दिसलं.

दुपारी चॅम्पियननं शर्यत सोडली. ऑपरेशनसाठी, असं पेपरवाल्यांनी छापलं.

मालिशवाल्याला तपासणारा डॉक्टर चक्रावला. "एकाच संघात दोघांना? याची लागण होत नाही हो."

"आमच्या संघात होते," मालिशवाला म्हणाला.

डॉक्टरला विनोद कळला नाही. त्यानं पोट दाबून पाहिलं, फोटो काढले. गाठ काढता येईल, पण ती वर पोटात शिरलीय, आधी आला असता तर बरं झालं असतं, असं तो बायकोकडे न बघता म्हणाला.

संघातून कुणी भेटायला आलं नाही. कसं येणार? कुणी विचारलं असतं, कुणाला भेटायला आलात, तर काय सांगायचं?

पुढच्या हंगामात तो पुन्हा दवाखान्यात होता, केस गेलेले, उशीला टेकून बसलेला. वॉर्डातल्या टीव्हीवर चॅम्पियन फुलांचा गुच्छ उंच धरून उभा होता. "ज्यांनी ज्यांनी हे दुखणं सोसलंय, त्यांना हा विजय अर्पण," तो म्हणाला आणि त्याचा आवाज दाटला. खरोखरच दाटला असावा.

शेजारच्या खाटेवरचे आजोबा डोळे पुसत म्हणाले, "बघा, याला म्हणतात मर्द! तुमचंही तेच आहे ना? मग शिका काहीतरी त्याच्याकडून."

"हो," मालिशवाला म्हणाला.

सगळा वॉर्ड टाळ्या वाजवू लागला. नर्सनं हातातला ट्रे खाली ठेवून वाजवल्या. मालिशवाल्याचेही हात सवयीनं वर आले. बायकोनं ते हळूच धरले, खाली आणले आणि टाळ्या थांबेपर्यंत स्वतःच्या मांडीवर दाबून ठेवले.