टॉवेलाखालचं इंजिन

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी घरात भांडण चालू होतं, म्हणजे दिवस अगदी नेहमीसारखा होता. भांडण इंजिनाचं.

त्यांच्या छोट्या जुन्या गाडीचं इंजिन आधीच्या कुठल्या तरी मालकाने बदललं होतं आणि त्यावरचा नंबर घासून गुळगुळीत केला होता. त्या गाडीला दोन प्रकारची इंजिनं बसायची, एक लहान, एक मोठं. बाहेरून दोन्ही जुळी भावंडं. बाबा शाळेत गाणं शिकवायचे. नुसत्या आवाजावरून त्यांनी पहिल्याच दिवशी निकाल दिला होता: मोठं. काका, म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, नगरपालिकेत नकाशे काढायचा. त्याचं म्हणणं, लहान. त्यासाठी तो सदऱ्याच्या खिशात स्टीलची पट्टी घेऊनच यायचा, आणि इंजिन उघडलं की बाबा त्यावर टॉवेल टाकायचे.

"दादा, नुसती पट्टी लावतो. सिलिंडरच्या तोंडाला."

"घरच्या माणसाला कुणी पट्टी लावतं का रे?"

बाबांचा पुरावा म्हणजे टेकडीचा चढ. गाडी तो चढ ऐटीत चढायची, हे खरं. पण पायथ्याशी बाबा आईला उतरवत. तिच्या गुडघ्यांना चालणं बरं, असं त्यांचं वैद्यकशास्त्र. काकालाही उतरवत, कारण साक्षीदार बाहेरचा असलेला बरा. लेक मात्र आत, त्यांच्या शेजारी. लहानपणी ती हलकी होती म्हणून, आणि मोठी झाल्यावर तिला उतर म्हणायचं बाबांना सुचलंच नाही म्हणून. अर्ध्या चढावर ते तिच्याकडे वळून विचारायचे, "मोठं आहे की नाही?"

"समोर बघा," ती म्हणायची. दर वेळी एवढंच.

त्या दिवशी इंजिन उघडलं होतं ते पाणी गळत होतं म्हणून. ते कायमच गळायचं. इंजिनाच्या दोन भागांमधे बसणारं, पाणी अडवणारं गॅस्केट बाबा दर वेळी नवं आणायचे, आणि अर्थातच मोठ्या इंजिनाचं. संध्याकाळ झाली तसं, उद्या बसवू, म्हणाले. टॉवेल पांघरला, हात धुतले. टॉवेल नेमका पाहुण्यांचा होता, त्यावरून आईने जे बोलायचं ते बोलून घेतलं. सकाळी बाबा उठलेच नाहीत.

मग बरेच दिवस गॅरेजचं दार कुणी उघडलं नाही. शेवटी आईच म्हणाली, गाडी चालू करा, मला टेकडीवर जायचंय, आणि या खेपेला मी उतरणार नाही.

काका आला. टॉवेल तसाच होता. त्याने तो उचलला, घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. फळीवर बाबांनी आणलेलं गॅस्केट होतं. ते बसवायचं की दुसरं आणायचं हे ठरवायला मोजावं लागणार होतं. ज्याच्यासाठी काकाने जन्म काढला ते समोर उघडं पडलं होतं, आणि पट्टी काही खिशातून निघेना.

"हेच बसवू," तो म्हणाला. "दादाला कान होता."

"काका, गळेल," लेक म्हणाली.

"इतकी वर्षं गळलंच की."

"आई बसणार आहे गाडीत. वाटेत बंद पडली तर?"

मग लेकीनेच त्याच्या खिशातून पट्टी काढली आणि सिलिंडरच्या तोंडावर आडवी धरली. काकाने वाकून पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. लहान. शंकेला जागाच नव्हती. तो भांडण जिंकला होता, आणि चेहरा मात्र चोरी पकडली गेल्यासारखा.

"थंडीत लोखंड आकसतं," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली. उकाड्याने दोघांचे कपडे पाठीला चिकटले होते.

आईला सांगायची कुणाची छाती होईना. ती चहा घेऊन आली, पट्टीकडे पाहिलं आणि म्हणाली, "लहान ना? चढ पायी कोण चढत होतं? मला केव्हाचं ठाऊक आहे."

लहान इंजिनाचं गॅस्केट आणून बसवलं. काका गाडीखाली वर्तमानपत्र अंथरून थेंबाची वाट बघत बसला. थेंब काही पडेना, तसा तो उदास झाला.

रविवारी तिघं निघाली. आई आणि काका, कुणी काही न सांगता, दोघंही मागे बसली. पायथ्याशी लेकीने सवयीने ब्रेक दाबला. मागे कुणी हललं नाही. आईने पर्स मांडीवर घट्ट धरली. काका खिडकीबाहेर बघत राहिला.

तिने पहिला गिअर टाकला. गाडी धापा टाकत, कुंथत निघाली. एक सायकलवाला शेजारून पुढे गेला आणि जाताना वळून दयेने बघून गेला. काकाने हळूच खालच्या आवाजात गाडीला, "चल गं बाई," म्हटलं.

अर्धा चढ आला. बाबा जिथे शेजारी वळायचे तिथे तीही वळली. तिच्या जुन्या जागेवर घडी घातलेला टॉवेल होता. तिने परत समोर पाहिलं, आणि मागच्या दोघांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "बाबा, लहान आहे. पण इथं आलं की मला दर वेळी मोठंच वाटायचं."