मान हलवणारी परीक्षक

परीक्षकांनी हसायचं नाही, मान हलवायची नाही, "छान" म्हणायचं नाही. प्रश्न छापलाय तसाच वाचायचा आणि उत्तर ऐकताना चेहरा कोरा ठेवायचा. स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, एचआर ऑफिसात दर भरतीच्या वेळी बाहेरून आलेल्या परीक्षकांना नोएमीच हे बजावून सांगायची. आज मात्र ती स्वतःच उमेदवार म्हणून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसली होती आणि समोर तीन कोरे चेहरे होते.

जागा एचआर अॅनालिस्टची. पदवी, अनुभव, कायद्याची जाण, गुप्तता पाळणं, जाहिरातीत मागितलेलं सगळं तिच्याकडे होतं. वर्षभर ती हंगामी म्हणून हेच काम तर करत होती. पण ती नेमणूक महिनाअखेरीस संपत होती आणि तिच्यासोबत आरोग्य विमाही. नवऱ्याच्या, एफ्रेनच्या कामाला विमा नव्हता. आसपासच्या बागांमध्ये झाडांवरून बदाम झोडपायला सुरुवात झाली की सगळ्या खोऱ्यात धूळ उठते, आणि मग धाकट्या लेकीची, तालियाची छाती दम्यानं घरघरायला लागते. निवड निकालाच्या यादीतल्या पहिल्या तिघांतूनच व्हायची; त्यांत नाव आलं तरच ही नोकरी, एरवी नाही.

"एखाद्या पदासाठी कोणती पात्रता लागते, हे तुम्ही कसं ठरवाल?" डावीकडच्या गृहस्थांनी वाचलं.

नोएमी बोलू लागली. आधी ते काम करणाऱ्या माणसांशी बोलेन, त्यांच्या शेजारी बसून काम बघेन... आणि मधल्या बाईंनी मान हलवली. वर हसल्याही.

नोएमीची जीभ अडखळली. पांढरे कुरळे केस, चष्म्याला मण्यांची साखळी. या त्याच! गेल्या हिवाळ्यात पाळणाघराच्या दारात तालियाचे ओठ निळे पडले, नोएमीला पिशवीची चेन उघडेना, तेव्हा नातवाला न्यायला आलेल्या याच बाईंनी पिशवीतला दम्याचा पंप शोधून पोरीच्या तोंडाला लावला होता. त्या घाईत नावं विचारायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

ओळखीचा उमेदवार समोर आला तर परीक्षकानं उठून जायचं, हा नियम. यादीतल्या नावावरून बाईंना कळलं नसेल, पण आता चेहरा दिसल्यावर तरी त्यांनी उठायला हवं होतं. त्या उठल्या नाहीत. नोएमीही बोलली नाही. बोललं तर परीक्षा थांबणार, नवा परीक्षक मिळेपर्यंत महिना उलटणार. उरलेली उत्तरं तिनं टेबलाच्या कडेकडे बघत दिली.

पार्किंगमध्ये ती गाडीपाशी पोचते न पोचते तोच मागून हाक आली.

"अगं ए, थांब की जरा! बाळ कसंय आता?"

बाई कॉफी घ्यायला बाहेर पडल्या होत्या. नोएमीनं वर ऑफिसच्या खिडक्यांकडे बघितलं.

"तुमची काहीतरी गल्लत होतेय. मी तुम्हाला ओळखत नाही."

बाईंचा चेहरा क्षणभर उतरला. मग त्यांनी डोळा मिचकावला. "बरोबर, बरोबर. आम्ही कोण कुठल्या! घाबरू नकोस गं. माझ्याकडून तुला पैकीच्या पैकी. लेकरासाठी दिलेत हो."

त्या गेल्या. नोएमीला गाडीचं दार उघडवेना. परीक्षेच्या खोलीबाहेरच्या बाकावर टाय सारखा करत पुटपुटणारा एक उमेदवार तिला येताना दिसला होता, त्याच्याही घरी कुणी खोकत असेल. आणि उद्या पाळणाघरातलं कुणी सहज बोलून गेलं तर? नोकरी लागली तरी सुरुवातीचे महिने प्रोबेशनचे, पारखून बघण्याचेच. तेव्हा काढून टाकायला कुणाला कारणही द्यावं लागत नाही.

फोन वाजला. एफ्रेन.

"कशी झाली?"

"चांगली."

"मग आवाज असा का येतोय गं?"

"नंतर बोलते."

ती जिना चढून परत वर गेली. तिची साहेबीण ग्वेन डबा खात बसली होती.

"तू? आज उमेदवारांनी इकडे फिरकायचं नाही, हे मी तुला सांगायचं का?"

"ग्वेन, मधल्या बाई मला ओळखतात. त्यांनी मला त्याचेच गुण दिलेत. आत्ता खाली स्वतःच सांगितलं."

ग्वेननं काटा खाली ठेवला. "दार लाव."

नोएमीनं लावलं.

"सकाळपासून येऊन गेलेल्या सगळ्यांना परत बोलवावं लागणार. कळतंय ना तुला?"

"हो. कधी होईल परत?"

"कसं सांगू? बाहेरचा माणूस मिळायला हवा."

"माझं महिनाअखेरीस..."

"माहीत आहे गं. ते माझ्या हातात नाही."

ग्वेननं फोन उचलला. थोड्या वेळानं भिंतीपलीकडे, परीक्षेच्या खोलीत, खुर्च्या सरकल्या, कुणीतरी मोठ्यानं "का पण?" म्हणालं. नोएमी उभीच होती. घरातल्या पंपात औषध किती उरलंय, ते तिला काही केल्या आठवेना.