कुटलेली गोळी

मोठ्या डॉक्टरांनी वॉर्डातल्या आजोबांच्या फाईलवर लिहिलं, ‘चालण्याची आशा नाही. वृद्धाश्रमात हलवावे.’ आजोबांची मुलगी भिंतीला टेकून रडली. दिवसभर नोकरी करणारी एकटी बाई ती. आजोबा बाथरूमपर्यंत जाऊ शकले, तरच तिला त्यांना घरी नेता येणार होतं.

माझं डोकं फिरलं. आमच्या वॉर्डात राउंडला डॉक्टर बोलतात, बाकीचे मान डोलावतात. पंधरा वर्षं नर्स असून मीही मूग गिळून गप्प होते.

व्यायाम करून घेणारी फिजिओ म्हणाली, “सकाळी उभं केलं की आजोबा चक्कर येऊन डोळे पांढरे करतात. पण काल मी संध्याकाळी आले, तर सहा पावलं चालले.”

“डॉक्टरांना सांगितलंस?”

“त्यांनी विचारलं कुठे?”

सकाळी वेगळं काय असतं? नऊची रक्तदाबाची गोळी. मी तडक खाली औषधांच्या खिडकीवर गेले. तिथल्या काकांना वर कुणी कधी बोलावत नाही.

“आजोबांना गिळता येत नाही, म्हणून मी ती कुटून देते,” मी म्हणाले.

काकांनी चष्मा काढला. “सिस्टर, ही दिवसभर हळूहळू विरघळणारी गोळी. कुटली की सगळं औषध एकदम अंगात! चक्कर येईल नाहीतर काय? आणि त्यांना गिळता येत नाही, हे मला कोण सांगणार होतं?”



दुसऱ्या दिवशी राउंडला काका आणि फिजिओ, दोघांनाही घेऊन उभी राहिले. डॉक्टर कडाडले, “इथे सभा भरलीय का?”

“भरलीय. संपल्याशिवाय फाईल मिळणार नाही.” ती मी पाठीमागे धरली होती.

काका बोलले, फिजिओ बोलली. डॉक्टरांचा पारा चढला, मग उतरला. त्यांनी गोळी बंद करून दुसरं पातळ औषध लिहिलं आणि हलवण्याचा हुकूम खोडला.

चौथ्या दिवशी सकाळी दहाला आजोबा फिजिओचा हात धरून बाथरूमपर्यंत गेले आणि “दार लावा की!” म्हणून आमच्यावरच खेकसले.

मुलीनं विचारलं, “मग इतके दिवस चक्कर कशानं येत होती?”

“औषधाचं जरा...” म्हणत डॉक्टरांनी मला डोळ्यांनीच दटावलं.

“माझ्यामुळे,” मी म्हणाले. “गोळी मी कुटत होते.” लाज वाटत होती, पण मान खाली घातली नाही.

ती माझ्याकडे वळली. “उद्या औषध कोण देणार?”

“मीच. घरी कसं द्यायचं ते तुम्हालाही शिकवणार.”

“मग आत्ताच शिकवा,” ती म्हणाली. अजून रागातच होती.