कराराबाहेरची फांदी

श्यामराव आणि मालिनी देवरूखहून आमच्या मागच्या दोन खोल्यांत राहायला आले, ते वैशाखाच्या अखेरीस. श्यामराव एसटी स्टँडवर गाड्यांची घोषणा करायचे. अर्धांगाचा झटका आला त्यात उजवा हात गेला आणि वाचाही गेली. कळत सगळं होतं, पण तोंडातून 'तो तो' एवढंच यायचं. दवाखाना जवळ पडेल म्हणून ही रत्नागिरीतली जागा घेतली. दवाखान्यात बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी मालिनीला बजावलं होतं, पहिले सहा महिने महत्त्वाचे. बोलणाऱ्याचे ओठ बघत त्याच्याबरोबरच म्हणायला लावा, रोज, न चुकता. पुढे कठीण होत जातं.

मालिनीने त्यासाठी टीव्ही धरला. सकाळी सातच्या बातम्या देणारी मुलगी सावकाश, स्वच्छ बोलायची. श्यामराव तिच्या तोंडाकडे बघत ओठ हलवायचे. मोबाइलवर करून बघितलं, पण त्यांची नजरही अधू झालेली, एवढ्याशा काचेत ओठ दिसेनात. केबल आमच्या वाडीत येत नाही. आधीच्या भाडेकरूने मागच्या भिंतीला लावलेली डिश तेवढी होती.

त्याच वेळी मी परसात उंबराला प्रदक्षिणा घालत असते. ज्येष्ठात एके दिवशी भिंतीपलीकडून ऐकू आलं, "चिपळूण." अगदी स्वच्छ. मागोमाग मालिनी रडायला लागली. आठवडाभरात 'पाऊस' आलं, 'नमस्कार' आलं. एकदा मी दूर्वा खुडत होते तर खिडकीतून हाक आली, "काकू." खिडकीत श्यामराव होते.

आषाढी एकादशीला मी संकल्प सोडला. माझ्या लेकीला, ऋजुताला, तिसरा महिना लागला होता. आधीची दोन राहिली नव्हती. कार्तिकीपर्यंत उंबराला रोज एकशे आठ प्रदक्षिणा घालायच्या आणि तोवर झाडाच्या पानालाही शस्त्र लागू द्यायचं नाही.

श्रावणात मालिनीचा टीव्ही अडखळायला लागला. बातम्यांतल्या मुलीचं तोंड उघडं राहायचं आणि चौकोन चौकोन होऊन विरून जायचं. आधी वाटलं, पावसामुळे असेल. पण उघडीप झाली तरी तेच. मालिनीने डिशवाल्या दीपकला बोलावलं. तो शिडीवर चढला, इकडे तिकडे बघितलं आणि उतरला.

"डिश झकास हाय, वहिनी. आग्नेयेला तोंड हाय तिचं, नि बरोब्बर समोर हा उंबराचा फांदा भरलाय. काकू, तुमच्या देवानं सिग्नल अडवलान बघा! दोन हात छाटलात की झालं."

"छाटायचा नाही," मी म्हटलं.

"मग पुढच्या स्लॅबवर बसवू. तिथनं मोकळं आभाळ हाय."

पुढच्या स्लॅबखाली आमचं देवघर. देवाच्या डोक्यावर भोकं पाडायची आणि वर पाय देऊन उभं राहायचं? मी त्यालाही नाही म्हटलं. दीपकने शिडी खांद्याला लावली. "तुमचं ठरलं की फोन करा," म्हणाला आणि गेला.

मालिनी तिथेच उभी होती. "काकू, घरमालक म्हणून काहीतरी बघायला नको का तुम्ही?"

मी आतून करारनामा आणला. त्यात लिहिलं होतं की टीव्हीची डिश भाडेकरूची, तिची देखभाल भाडेकरूने करायची, घराला इजा न करता. मी बोट ठेवून दाखवलं.

"डिश माझी, मान्य," ती म्हणाली. "झाड कुणाचं?"

"झाड देवाचं गं."

"मग देवाच्याच नावाने करार करायचा होता आपण. त्याने तरी फांदी बाजूला केली असती."

मला राग आला नाही. मी तिला समजावलं, कार्तिकीपर्यंत थांब, मग मी स्वतः तोडून देते. ती बोटांवर महिने मोजायला लागली. भाद्रपद, आश्विन, कार्तिक. मग आत गेली.

ती स्वतः पेपर वाचून दाखवायला लागली. पण तिला घाई असायची आणि आवाज दाटून यायचा. श्यामराव चिडून डाव्या हाताने पेपर उडवायचे. "म्हणा ना, चि-प-ळूण," ती म्हणायची. भाद्रपदात 'पाऊस' गेलं, 'नमस्कार' गेलं. 'काकू' त्याआधीच गेलं होतं. पुढे पुढे 'तो तो'सुद्धा ऐकू येईना. माझ्या प्रदक्षिणांना तेवढी शांतता झाली, असं मनात आलं आणि मी चरकले. पण पाय थांबवले नाहीत.

नवरात्रात एका दुपारी मी परसात गेले तर मालिनी उंबराखाली कोयती घेऊन उभी. डावा हात बुंध्यावर, चढायच्या बेतात. मी धावत जाऊन तिच्यासमोर उभी राहिले.

"मालिनी, नको. माझी लेक आहे गं."

"आणि माझा नवरा?"

"तुझ्या पाया पडते."

मी खरंच वाकले. ती मागे सरली. वयाने मोठं माणूस पाया पडायला वाकलं, ते तिला सोसेना. बुंध्यावरचा हात सुटला. कोयती तिथेच टाकून ती निघून गेली. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलली नाही.

कार्तिकी झाली. ऋजुताला सातवा लागला होता, सगळं ठीक होतं. द्वादशीला पारणं करून मी झाडाची क्षमा मागितली आणि दीपकला बोलावलं. त्याने पाच मिनिटांत फांदी उतरवली. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला मी मालिनीचं दार वाजवलं. या घरात पहिल्यांदाच मी स्वतः तिच्या खोलीत टीव्ही लावला.

चित्र लख्ख होतं. तीच मुलगी नमस्कार म्हणाली. श्यामराव खुर्चीत ताठ बसले होते. मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसले आणि तिच्याबरोबर मोठ्याने म्हणायला लागले, "नमस्कार. श्यामराव, म्हणा. नमस्कार." त्यांनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. ओठ मिटलेलेच राहिले. बातम्या संपेपर्यंत मी एकटीच बोलत होते.

मालिनीने टीव्ही बंद केला.

"उद्या परत लावू," मी म्हटलं. "रोज येईन मी. दवाखान्यातल्या बाईंना विचारू या."

"विचारलं परवाच," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी माझ्याशी बोलत होती, तेही हळू, त्यांना ऐकू जाऊ नये अशी. "प्रयत्न सोडू नका, म्हणाल्या. आशा मात्र दिली नाही."

मी तिचा हात धरायला गेले. तिने तो धरू दिला, पण नजर श्यामरावांवरच होती. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं होतं.

"तुम्ही जा आता, काकू," ती म्हणाली. "तुम्ही असलात की त्यांना रडता येत नाही."