कमी चाललेली गाडी

मी एक पांढरी गाडी बोलतेय, विजेवर चालणारी. ‘चालणारी’ हे आपलं म्हणायची रीत म्हणून म्हणायचं. खरं तर मी चालले त्यापेक्षा उभीच जास्त राहिले, आणि माझं हे दुखणं बाजारात माझा सगळ्यात मोठा गुण म्हणून विकलं गेलं.

कारखान्यातून निघाले तेव्हा मोठ्या तोऱ्यात होते. धूर नाही, खडखड नाही, शेजारून गेले तरी कुत्रं मान वर करत नव्हतं. करमाडच्या इंद्रजीतने मला घेतलं. रस्त्यालगतची त्यांची जमीन कारखान्यांना गेली होती आणि घरात एकदम पैसा आला होता. तो चारचौघांना दिसावा म्हणून मी आले. त्याच्या आईने, साळूबाईंनी, ओवाळलं, नारळ फोडला, माझ्या चाकाखाली लिंबू ठेवलं. मला वाटलं, आता जन्माचं सार्थक होणार.

पण त्या घराची एक रीत होती. चांगली वस्तू वापरायची नाही, जपायची. कपाटातल्या काचेच्या कपबशा पाहुण्यांना दाखवायच्या आणि चहा मात्र स्टीलच्या पेल्यातून द्यायचा, असं ते घर. माझ्या सीटवरचं प्लास्टिक त्यांनी काढलंच नाही. शेतावर, बाजारात, दवाखान्यात जायला जुनी जीप होती. इंद्रजीतला मुलगी बघायला पाहुणे आले, तेव्हा मला धुऊन दारात उभं केलं. सोयरीक जमली. वरात माझ्यातूनच निघाली. त्यानंतर पत्र्याच्या शेडमध्ये मला ताडपत्रीखाली झाकून टाकलं.

“हिला कधीमधी वायर लावावी लागती म्हणं,” साळूबाई एकदा म्हणाल्या.

“उभ्या गाडीला काय खायला लागतंय, आई? नुसतं बिल यायचं,” इंद्रजीत म्हणाला.

लागतं रे बाबा, उभ्या गाडीलाही लागतं! माझ्या आत थोडी थोडी वीज सतत खर्च होते. ती संपली आणि मी रिकामी झाले. वरून पत्रा तापलेला, आत अंधार आणि अंगात त्राण नाही. माणूस उपाशी राहिला तर ओरडतो, मी ओरडणार कशी? अख्खा उन्हाळा आणि पावसाळा तसाच काढला. दसऱ्याला झेंडूचा हार घेऊन आले, तर माझं दारही उघडेना. मग शहरातून माणूस आणून कसंबसं मला जागं केलं. पडदा उजळला, आकडे दिसले, घरच्यांनी टाळ्या वाजवल्या. आत काय मेलं होतं ते माझं मला ठाऊक. पण एकदा बंद पडलेली गाडी दारात नको म्हणून इंद्रजीतने मला विकायला काढलं.

तिकडे शहरातल्या छावणी भागात मेघाच्या घरी वाद चालला होता. मेघा गंगापूरच्या एका खासगी दवाखान्यात रक्त-लघवी तपासायचं काम करायची. एसटी नाहीतर वडापच्या जीपने जायची, यायला अंधार पडायचा. घरी लहान लेक आणि गुडघे धरलेली सासू, सत्यभामाबाई. नवरा सम्यक वाळूजच्या कंपनीत, त्याच्या पाळ्या बदलत्या. शेवटी त्याने स्पष्टच सांगितलं होतं, “येण्या-जाण्याची सोय झाली तर कर नोकरी. नाहीतर बस झालं आता.”

“गाडी घेऊ मग, विजेवरची. पेट्रोल परवडायचं नाही.”

“नवीच घेऊ. माझ्या नावावर कर्ज काढतो.”

“कर्ज तुमचं म्हणजे गाडी तुमची. मग मी रोज चावी मागायची का? मी जुनी घेते, माझ्या साठवणीतून. गाडी माझ्या नावावर राहील.”

नवी की जुनी, हा प्रश्न लोकांना पैशाचा वाटतो. मेघाला तो चावीचा होता. सत्यभामाबाई पलंगावरून म्हणाल्या, “घिऊ दे तिला. आपल्या घरात बाईच्या नावावर आजवर काय हाय? रेशन कार्डबी नव्हतं माझ्या नावावर.”

असे ते करमाडला आले. सम्यकने माझा दरवाजा ठोकून पाहिला, टायरला लाथ मारली, बॉनेट उघडून सवयीने ऑइलची कांडी शोधली आणि मग स्वतःच ओशाळला. रीडिंग पाहिलं मात्र, त्याचे डोळे चमकले. “इतकीच चालली?”

“लेकरावानी जपली बघा,” इंद्रजीत म्हणाला. “पावसात बी काढली नाय.”

मेघाने एकटीने नेमका प्रश्न विचारला, “बॅटरी कशी आहे?”

“बॅटरीला काय हुणार, ताई? वापरलीच कुठं?”

तो खोटं बोलला नाही. तो खोटारडा असता तर मी त्याला शिव्या तरी घातल्या असत्या. गाडी न वापरणं म्हणजे गाडी जपणं, हे त्याला खरंच वाटत होतं, आणि सम्यकलाही तसंच वाटत होतं. शेंद्र्यापर्यंत एक फेरी मारून सौदा ठरला. एखाद्याने मला दिवसभर पिदडलं असतं तर माझं पितळ उघडं पडलं असतं. पण कोणी पिदडलं नाही.

सुरुवातीचे दिवस फार छान गेले, हे कबूल करते. थंडीचे दिवस होते. मेघाने पहिल्याच दिवशी सीटचं प्लास्टिक टराटरा फाडलं. पहिल्या रविवारी सत्यभामाबाई पुढे बसल्या, काच खाली करून ओळखीच्या प्रत्येक बाईला हाक मारत गेल्या. मेघा दिवेलागणीच्या आधी घरी पोहोचू लागली, लेक माझ्या हॉर्नकडे कान लावून बसू लागली. माझ्यावर कोणी एवढं अवलंबून कधी राहिलंच नव्हतं.

मग ऊन वाढलं आणि माझं बिंग फुटू लागलं. जाताना आकडा ठीक असायचा, येताना तो घसरगुंडीवरून सुटल्यासारखा खाली यायचा. मेघाने एसी बंद केला. घामाघूम होऊन चालवू लागली. दवाखान्यापाशी वायर पोचेल अशी जागा नव्हती, म्हणून ती वाळूजला चार्जिंगसाठी थांबू लागली. तिथं रांग. जो वेळ मी वाचवायचा तोच मी खाऊ लागले, आणि पुन्हा अंधार पडायला लागला.

एके संध्याकाळी तर वाळूजच्या अलीकडेच माझा श्वास संपला. मागून उसाचे ट्रॅक्टर कर्कश हॉर्न वाजवताहेत, आणि मेघा माझ्या बॉनेटला पाठ टेकून उभी. सम्यक मोटारसायकलवर आला. चिडला नाही. एवढंच म्हणाला, “मी म्हणलं होतं, नवी घेऊ.” त्यापेक्षा चिडला असता तर बरं झालं असतं.

दुरुस्तीवाल्याने यंत्र लावलं आणि विचारलं, “मॅडम, ही लई दिवस रिकामी उभी होती का? अर्धी बॅटरी मेलीय. नवी टाकायची तर गाडीएवढाच खर्च.” मेघाने तिथूनच इंद्रजीतला फोन केला. तो कळवळून म्हणाला, “ताई, आईची शपथ घिऊन सांगतो, आम्ही हिला चालवलीच नाय!”

तिने फोन ठेवला. भांडायचं तरी कशावरून?

येण्या-जाण्याची सोय मोडली, सम्यकची अट आठवणीत होतीच. पुढच्याच महिन्यात तिने नोकरी सोडली. मग सम्यकने नवी गाडी घेतली, कर्जावर, त्याच्या नावावर, आणि चावी त्याच्याच खिशात. ती निळी गाडी आता फाटकात उभी असते आणि मी मागे कडुलिंबाखाली. सम्यक तिची काच पुसत होता, तेव्हा सत्यभामाबाई ओट्यावरून कडाडल्या, “गाडी बिघडली तर गाडी सोडायची व्हती. पोरीची नोकरी कामून सोडवली?”

येणारे-जाणारे मेघाला म्हणतात, “आता बरं झालं बाई, धावपळ नाही, ऊन नाही, घरी आरामात आहेस.” हे ऐकलं की माझ्या अंगाची आग होते. करमाडलाही माझ्याबद्दल असंच कौतुकाने बोलायचे. अरे, आराम म्हणता त्याला? मी तो आराम भोगलाय. नवी घ्या, जुनी घ्या, मला त्याचं सोयरसुतक नाही. पण ज्याच्यात चालायचा दम आहे, त्याला सावलीत बसवून वर उपकाराची भाषा करू नका.

मेघा अजूनही मला चालवते, छावणीच्या बाजारापर्यंत. परवा मात्र तिने मला गंगापूरच्या वाटेवरच्या नगर रोडकडे वळवलं. तिच्या पिशवीत दवाखान्याचा पांढरा कोट होता. रस्त्याच्या कडेला थांबून ती पडद्यावरचा आकडा बघत बसली. गंगापूरला पोचण्याइतकी वीज माझ्यात होती. परत आणण्याइतकी नव्हती.

मग तिने मला वळवलं, बाजारातून मेथीची जुडी आणि दूध घेतलं, आणि आम्ही घरी आलो.